देवाच्या दारचे हलके काम

संतसाहित्य शिकवताना ‘सेवा’ हा शब्द आला की वर्ग थोडा सैल पडतो. शब्द ओळखीचा असतो, वापरून वापरून गुळगुळीत झालेला असतो. बँक सेवा देते, मोबाइल कंपनी सेवा देते, निवडणुकीला उभा राहिलेला प्रत्येक जण सेवकच असतो. त्यामुळे जनाबाईचे दळण, सावत्याचा मळा, सेनाची धोकटी, गोरोबांचे चाक ही सगळी चित्रे दिनदर्शिकेवरच्या चित्रांसारखी एकामागून एक उलटली जातात. आपण ‘कर्म हीच पूजा’ असे एक वाक्य फळ्यावर लिहितो, आणि परीक्षेत तेच वाक्य शंभर उत्तरपत्रिकांमधून आपल्याकडे परत येते. त्या वाक्यात चूक काही नाही. मात्र ते इतके बिनबोभाट खरे आहे, की त्याच्याखाली बरेच काही झाकले जाते. रोजच्या जगण्यात वाट्याला आलेले लहानसे, हलके समजले जाणारे काम देवाची सेवा म्हणून पत्करणे ही कल्पना आपल्या परंपरेत जेवढी गोड करून सांगितली जाते, तेवढी ती गोडही नाही आणि सोपीही नाही.

जनाबाईपासूनच पाहू. गंगाखेडची ही मुलगी लहानपणी पंढरपुरात दामाशेटींच्या घरी आली आणि त्या घरची दासी म्हणून आयुष्यभर राबली. तिच्या नावावर आज सुमारे साडेतीनशे अभंग सांगितले जातात. त्यांत काम आहे: दळण, कांडण, झाडलोट, पाणी भरणे, शेण गोळा करणे, धुणे. आपण सांगतो, की जनीने दळता दळता देवाची सेवा केली. अभंग वाचावेत तर चित्र उलटे दिसते. तिथे देवच जनीची सेवा करतो. तो जात्याचा खुंटा धरतो, केर भरतो, गोवऱ्यांसाठी शेण वेचू लागतो, तिचे केस विंचरायला बसतो. सेवेची दिशाच फिरलेली आहे. दासीचीही कुणीतरी दासी व्हावे, आणि ते कुणीतरी दुसरे तिसरे कुणी नसून विठ्ठलच असावा, ही कल्पना नम्रतेच्या पाठातून आलेली नाही. ती फार धीट बाईला सुचलेली कल्पना आहे. हीच जनी वेळप्रसंगी विठोबाला ठेवणीतल्या शिव्याही देते, तेव्हा तिच्या नम्रतेला मवाळपणा समजण्याचे कारण नाही.

आणखी एक गोष्ट आपण वर्गात सहसा बोलत नाही. जनी जे पीठ दळत होती ते देवळातल्या नैवेद्याला जात नव्हते. ते नामदेवांच्या भरल्या घरातल्या भाकरीला जात होते. श्रम तिचे, घर दुसऱ्याचे. एका वर्षी एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, जनाबाईला नाही म्हणता आलं असतं का?” अशा प्रश्नाला ‘विषयांतर’ म्हणून बाजूला सारायची सवय आपल्याला असते. पण या विषयातला खरा प्रश्न हाच आहे. ज्याला नाकारता येत नाही त्याच्या पत्करण्याला काय अर्थ?

सावता माळ्याचे उदाहरण या दृष्टीने सोपे आहे. अरणचा हा माळी मळा सोडून पंढरीला गेला नाही अशी आख्यायिका आहे. मळ्यातल्या भाजीपाल्यातच त्याला त्याचा विठ्ठल भेटला, आणि देवाला त्याच्याकडे यावे लागले. आजही पंढरपूरहून देवाची पालखी अरणला जाते. फार सुंदर कल्पना आहे ती. पण सावता स्वतःच्या मळ्याला पाणी देत होता. मोटेचे पाणी पाटाने आपल्याच वाफ्यात जाताना त्यात देव पाहणे आणि दुसऱ्याच्या घरचे जाते ओढताना देव पाहणे, या दोन वेगवेगळ्या कसोट्या आहेत. दोघांना एकाच मथळ्याखाली शिकवणे मला पटत नाही.

आणि चोखोबा. त्यांच्यापाशी आल्यावर ‘कर्म हीच पूजा’ हे वाक्य उच्चारायला जीभ धजावत नाही. मेलेली ढोरे ओढणे हे त्यांचे जातीने नेमून दिलेले काम. ढोरे ओढतानाही देव मदतीला आला, अशी कथा परंपरेने सांगितली, आणि सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. पण मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली, 1338 साली, आणि त्या ढिगाऱ्याखाली हा संत इतर मजुरांबरोबर गेला. तेव्हा देव भिंत धरायला आला होता असे कोणी म्हटलेले नाही. नामदेवांनी अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी बांधली. म्हणजे मेल्यानंतरही जागा दाराबाहेरचीच. त्यांचा मुलगा कर्ममेळा याने देवाला जे प्रश्न विचारले आहेत ते मुळातून वाचावेत. उष्ट्यावर जगायला लावणाऱ्या देवा, तुला याची लाज वाटत नाही का, असा त्यांचा रोख आहे. बापाने पत्करले, मुलाने जाब विचारला, आणि दोघांचेही अभंग वारकऱ्यांच्या गाथेत शेजारी शेजारी उभे आहेत. परंपरेचा हा मोठेपणा आपण पुरेसा ओळखलेला नाही.

डॉ. आंबेडकरांनी 1948 साली अस्पृश्यांच्या उगमाविषयीचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला. त्याच आंबेडकरांनी त्याआधी, ‘अनिहिलेशन ऑफ कास्ट’ला जोडलेल्या गांधीजींना दिलेल्या उत्तरात, संतांवर रोखठोक आक्षेप घेतला होता. देवाच्या दृष्टीने माणसे समान आहेत असे संत म्हणाले, पण माणूस माणसाशी समान आहे यासाठी ते लढले नाहीत, असा त्याचा सारांश. आदर आणि आक्षेप दोन्ही एकाच माणसाचे. संतसाहित्याच्या अभ्यासकाने यातले एक निवडून दुसरे विसरायचे ठरवले तर त्याचा अभ्यास कीर्तन तरी होतो नाहीतर फिर्याद तरी. चोखोबांच्या मृत्यूनंतर सहाशेहून अधिक वर्षांनी, 1947 मध्ये, साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले आणि मग ते दार अस्पृश्यांसाठी उघडले. इतकी शतके उंबऱ्याबाहेर उभे राहून ज्यांनी सेवा केली, त्यांना ‘सेवेत लहानमोठे काही नसते’ हे सांगण्याचा अधिकार कुणाला आहे?

माझे म्हणणे व्याकरणाच्या भाषेत मांडता येईल. ‘या हलक्या कामात मला देव दिसतो’ हे प्रथमपुरुषी विधान आहे. जनी ते करते, सावता करतो, चोखोबाही करतात, आणि ते करताना त्यांचे शब्द खरे असतात. तेच विधान द्वितीयपुरुषी आणि आज्ञार्थी झाले, ‘या हलक्या कामात तू देव पाहा’ असे झाले, की त्याची वेठबिगार होते. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात आपापल्या कर्मांची फुले वाहून केलेल्या पूजेची जी अप्रतिम कल्पना आहे, तिलाही मागेपुढे वर्णांच्या नेमलेल्या कर्मांचा संदर्भ आहे हे विसरून चालत नाही. फूल सुंदर आहे. ते कुणाच्या हाती कोणते द्यायचे हे कोण ठरवतो, एवढाच प्रश्न आहे. घराघरांतून ‘बाईची सेवा’ म्हणून जे कौतुक चालते, त्याचेही व्याकरण तपासून पाहावे. कौतुक करणारा स्वतः ताट उचलतो का, इथपासून सुरुवात करता येईल.

मग देवाला या व्यवहारातून वगळूनच टाकावे का? आमच्या वर्गातले निम्मे विद्यार्थी स्वतःला अश्रद्ध म्हणवतात आणि ‘श्रमप्रतिष्ठा’ हा शब्द त्यांना पुरेसा वाटतो. मला तो अपुरा वाटतो, आणि माझ्या श्रद्धेशी याचा संबंध नाही. जनीच्या जात्यापाशी तीन जण आहेत: दळणारी, जिच्या घरचे दळण ती मालकीण, आणि विठ्ठल. यातला विठ्ठल काढून घेतला तर दोघीच उरतात, आणि मग जनीच्या श्रमावर सगळी सत्ता मालकिणीची. विठ्ठल तिथे आहे म्हणूनच या श्रमाचा शेवटचा धनी दुसराच कुणी ठरतो, आणि तो धनी जनीच्या बाजूला बसून खुंटा ओढतो आहे. दासी स्वतःला ‘नामयाची दासी’ म्हणवते खरी, पण तिच्या अभंगात नामयाचा देव तिच्या हाताखाली आहे. नाकारता न येणारे काम पत्करण्याचा अर्थ तिच्यापुरता असा होता. काम मालकाचे राहिले, कामातला वेळ तिने मालकाकडे ठेवला नाही. विद्यार्थिनीला त्या दिवशी मी एवढेच सांगू शकले, की जनीला नाही म्हणता आले नसते, आणि म्हणूनच तिने जे केले ते पाहण्यासारखे आहे.

आता दुसरे टोक. देवाची हलकी कामे ज्यांनी मिळवून, धरून ठेवली त्यांचे. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात बडव्यांखेरीज सात सेवाधारी होते: पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, दिवटे, डांगे. रुक्मिणीकडे उत्पात. कामे बघावीत. परिचारकाने पाणी आणायचे, डिंगऱ्याने देवाला आरसा दाखवायचा, दिवट्याने दिवटी धरायची, डांग्याने चोप घेऊन उभे राहायचे. एखाद्या भक्ताने आयुष्यभर मागावे असे एकेक काम. देवाने आपला चेहरा पाहावा म्हणून आरसा धरणे, याहून निर्मळ, याहून बिनमहत्त्वाचे काम कल्पिता येईल का? पण या कामांचे हक्क झाले. हक्क वंशपरंपरेने वाटले गेले, उत्पन्नाच्या वाटण्या आणि लिलाव झाले, भांडणे कोर्टात गेली. सरकारने आयोग नेमला, 1973 साली पंढरपूर मंदिरांसाठी कायदा झाला, त्यालाही आव्हान दिले गेले, आणि अखेर जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडव्यांचे अपील फेटाळल्यावर हे वंशपरंपरागत हक्क संपल्याचे कायम झाले. एक आरसा धरण्याच्या सेवेपासून दिल्लीपर्यंतचा हा प्रवास संतसाहित्याच्या अभ्यासक्रमात असायला हवा असे मी गंभीरपणे म्हणते. दास्यभक्तीवर इतके बोलके भाष्य दुसरे नाही.

याच्या शेजारी ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय ठेवून पाहावा. ‘आचार्योपासना’ या एका शब्दावर ज्ञानदेव थांबतात आणि थांबतच राहतात. गुरूच्या घरची सगळी कामे शिष्य मनात करू लागतो. मी द्वारपाळ होईन, छत्र धरीन, विडा देईन, पादुका होईन. आणि मरणानंतर माझ्या देहाची माती गुरूचे चरण जिथे पडतील तिथे पडो, पाणी त्यांच्या वापरात येवो, असे त्याचे मनोरथ पुढे पुढे धावतात. गंमत अशी की हा शिष्यही अधाशीच आहे. सगळी कामे आपल्या एकट्याला हवीत, दुसऱ्या सेवकाला जागाच उरू नये, अशी त्याची ओढ. म्हणजे सेवेतला हावरेपणा ज्ञानदेवांना ठाऊक होता. फक्त त्यांच्या शिष्याची हाव शेवटी पायाखालची माती होण्यापाशी जाऊन संपते. सेवाधाऱ्यांची दस्तऐवजापाशी संपली.

आषाढी वारीतही हे दोन्ही रंग एका रस्त्याने चालतात. पालखीच्या रथाला बैल कुणाचे, अश्व कुणाचे, दिंडीचा क्रमांक कितवा, हे ‘मान’. त्यांच्या नोंदी आहेत, वाद आहेत. आणि दिंडीच्या आधी मुक्कामावर पोचून राहुट्या ठोकणारे, चुली पेटवणारे, डोक्यावर पाण्याची कळशी घेऊन चालता चालता तहानलेल्याला पाणी देणाऱ्या बाया, यांचा कुठे क्रम लागत नाही. त्या कळशीवर अजून कुणाचा वंशपरंपरागत हक्क सांगितला गेलेला नाही. तिचे वजन हे त्याचे कारण असावे.

ज्यांना नाकारणे सहज शक्य होते त्यांनी पत्करले तेव्हा काय झाले, हेही पाहायला हवे. एकनाथ हे पैठणचे प्रतिष्ठित ब्राह्मण पंडित. त्यांच्या घरी श्रीखंड्या नावाने देव बारा वर्षे पाणी भरत होता अशी कथा आहे, आणि तो रांजण नाथषष्ठीला अजून भरला जातो. दुसरी कथा सर्वांना माहीत आहे. काशीहून रामेश्वराला नेण्यासाठी आणलेल्या कावडीतले पाणी नाथांनी वाटेत तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. या कथेचा आपण भूतदयेचा धडा करून टाकला आहे. मला तिच्यातली गैरसोय महत्त्वाची वाटते. देवाचे काम ठरलेले होते, मुक्काम ठरलेला होता, पाणी ज्याचे त्याच्या नावाने शेकडो कोस वाहून आणलेले होते. संधी आली ती या ठरलेल्या सेवेच्या आड आली. सेवेची संधी म्हणून ती ओळखूच येत नाही, खोळंबा म्हणून येते. आपल्यापैकी बहुतेकांनी त्या गाढवाला वळसा घातला असता आणि रामेश्वराला अभिषेक करून कृतार्थ झालो असतो. कथेत तसे करणारे असणारच. त्यांची नावे राहिली नाहीत एवढेच.

गोरोबांची कथा मात्र उलट बाजूने सावध करते. नामात रंगून चिखल तुडवताना तेरच्या या कुंभाराच्या पायाखाली स्वतःचे मूल आले. महिपतींनी शेवट गोड केला आहे आणि मूल परत मिळते. पण पाहणाऱ्याच्या मनातून तो चिखल जात नाही. कामात देव दिसणे आणि देवामुळे काम न दिसणे यांतले अंतर एका लेकराएवढे आहे, हे लोककथेने फार निष्ठुरपणे दाखवून ठेवले आहे.

गाडगे महाराजांविषयी (1876-1956) थोडे बोललेच पाहिजे. शेणगावच्या परीट घरातला हा माणूस गावात शिरला की आधी खराटा हातात घेई, दिवसभर गाव झाडी आणि रात्री कीर्तनाला उभा राही. पंढरपुरात धर्मशाळा बांधली, वारकऱ्यांच्या गर्दीत रस्ते झाडले, देवळात जाऊन दर्शन घेण्याची ओढ मात्र धरली नाही. त्यांच्या झाडण्याचे कौतुक करताना कीर्तन विसरले जाते. दिवसा खराटा चालवून ते रात्री श्रोत्यांना सांगत होते, की मुलांना शाळेत घाला, कर्ज काढून सण करू नका, देवाला बकरी कापू नका. आपापल्या नेमल्या जागी समाधानाने झाडत बसा, असे त्यांनी सांगितले नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली, ती शिक्षणासाठी. पुढे 2000-01 पासून त्यांच्या नावाने राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. त्यातून अनेक गावे खरोखर स्वच्छ झाली. मान्यवरांच्या हातातले खराटे मात्र छायाचित्रांत नेहमी कोरे करकरीत दिसतात.

एका सेवेकडे, साहित्याचे विद्यार्थी असूनही, आपले सर्वांत कमी लक्ष गेले आहे. जनाबाईच्या नावावर एक अभंग आहे. त्यात भक्तीचा उमाळा नाही, जात्याचे गाणे नाही. ती एक यादी आहे. कोणत्या संताचे अभंग कुणी लिहून घेतले, याची. ज्ञानदेवांसाठी चिदानंदबाबा, निवृत्तीनाथांसाठी सोपान, मुक्ताईसाठी ज्ञानदेव स्वतः, सावत्यासाठी काशिबा गुरव, चोखामेळ्यासाठी अनंतभट्ट. अभंगाच्या कर्तृत्वाविषयी शंका घ्यायची तर घ्यावी. पण ही यादी परंपरेने दुसऱ्या कुणाच्या तोंडी न घालता दासीच्या तोंडी घातली, याला अर्थ आहे. हाताखालच्या माणसांची आठवण हाताखालच्या माणसालाच राहते.

लेखनिकाचे काम ते. बोलणारा बोलतो, हा लिहितो. नेवाशाला शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि सच्चिदानंदबाबांनी ती आदराने लिहून घेतल्याची नोंद ग्रंथाच्या शेवटी आहे. चाकणच्या संताजी जगनाडे या तेल्याच्या हातच्या वह्यांतून तुकोबा आपल्यापर्यंत आले. अगदी अलीकडची गोष्ट घ्यायची तर बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. घरातल्या मुलांनी जात्याशी, शेताशी त्यांच्या तोंडून निघालेली गाणी टिपून ठेवली, आणि 1952 मध्ये ती छापली गेली. हे हात नसते तर आपल्या विभागांत शिकवायला काय उरले असते याचा विचार करावा. यांतल्या कुणीही मध्येच आपल्या दोन ओळी घुसवल्या नसतील असे मी म्हणत नाही. पाठचिकित्सा करणाऱ्यांना हे दुःख चांगलेच ठाऊक आहे. तरीही नाव दुसऱ्याचे घालून शब्द आपल्या हाताने उमटवणे, आणि बहुतेक वेळा प्रामाणिकपणे उमटवणे, हे देवाच्या दारचे हलके कामच होय.

आज हे काम कुणाला हवे आहे? शोधनिबंध सर्वांना लिहायचा असतो. गाथेची शब्दसूची करणे, दोन पोथ्यांचे पाठ ताडून पाहणे, सहकाऱ्याच्या पुस्तकाची मुद्रिते वाचणे, गावातल्या एखाद्या म्हातारीच्या ओव्या तिच्या उच्चारासकट उतरवून घेणे, यांना बढतीच्या तक्त्यात रकाना सापडणे अवघड असते. ही कामे आपल्यापुढे येतात तीही नाथांपुढे गाढव आले तशीच, महत्त्वाच्या कामाच्या आड. देव मानणाऱ्याने ती देवाची समजावीत. न मानणाऱ्याने भाषेची समजावीत. ती ढकलताना कनिष्ठ सहकाऱ्याकडे किंवा विद्यार्थ्याकडे ‘चांगली संधी आहे’ म्हणून ढकलू नयेत, एवढे मात्र दोघांनीही पाळावे. द्वितीयपुरुषी आज्ञार्थाविषयी वर लिहिलेच आहे.

अनंतभट्टांविषयी आपल्याला नावापलीकडे फारसे काही सांगता येत नाही. नावावरून ब्राह्मण. ज्याची सावली टाळायची त्याच्यासमोर लेखणी घेऊन बसलेले. ते कुठे बसत असतील? गावकुसाच्या आत चोखोबा येऊ शकत नव्हते, म्हणजे चालत जायचे ते भट्टांनाच असणार. किती अंतरावर बसत, घरी परतल्यावर त्यांना काय ऐकून घ्यावे लागे, अभंगात एखादी तक्रार आली की लेखणी क्षणभर थांबे की नाही, याचा एक शब्दही त्यांनी मागे ठेवलेला नाही. प्रत्येक अभंगाच्या शेवटी आपण ‘चोखा म्हणे’ असे वाचतो. ती दोन अक्षरी नाममुद्रा उमटवणारा हात त्यांचा होता.